चिनी कौलाची जर्मन तयारी

या, अशा जवळ या बघू. तिकडे दारात चपलांशेजारी उभं राहून काय ऐकताय? आणि आल्याआल्या "जर्मनीत काय काय पाहिलंत" हे विचारू नका. परत येऊन महिना झाला. वेंगुर्ल्यातला जो भेटेल तो हेच विचारतो, आणि मी तोंड उघडेपर्यंत स्वतःच्या भाच्याचं अमेरिकेतलं घर सांगायला लागतो. तुमचंही तसंच. जायच्या आधी "मेधाला एवढं द्या हं" म्हणत लोणच्याच्या बरण्या घेऊन सगळे वेळेवर हजर होतात, आणि मी आल्यावर चॉकलेट घेऊन जो तो पसार. बसून ऐकायला कोणी नाही, म्हणून शेवटी लिहायला बसले. मी सातवी शिकलेली बाई. बाकीचं शिक्षण वाचनालयाच्या कपाटांतून, आणि ग्रंथपाल जेवायला गेला की कपाटांना कुलूप, त्यामुळे तेही अर्धवट. तेव्हा चुका काढू नका. काढायच्याच असतील तर इथे बसून, चहा पिऊन काढा.

तर जर्मनीत मी काय पाहिलं? एक खोली पाहिली. किल्ले, पूल, चर्चचे मनोरे वगैरे सगळं जावयाच्या कॅमेऱ्यात आहे. प्रत्येकासमोर मी उभी आहे आणि प्रत्येकात माझे डोळे मिटलेले आहेत.

केरसुणी विमानात बसते

माझी मुलगी मेधा हॅम्बर्गला एका संस्थेत संशोधन करते. जाताना "आई, तीन वर्षं फक्त" म्हणाली होती. त्या बोलण्यावर विश्वास ठेवून तिच्या बाबांनी घरावर दोन खोल्या चढवल्या. खिडकीतून समुद्र दिसेल अशा. पलंग आणला, कपाट आणलं. गादीवरचं प्लास्टिक काढलं नाही, म्हणजे ती आल्यावर गादी कोरी करकरीत मिळेल. मग तीन वर्षांची सहा झाली, मध्ये तिचं लग्न झालं, हे गेले, आणि प्लास्टिक तसंच राहिलं. दर दिवाळीला मी वर जायची, झाडून पुसून पुन्हा कुलूप लावायची.

तेव्हा मी काही किल्ले बघायला गेले नव्हते. मला एकच गोष्ट हवी होती, ही पोर परत येणार आहे की नाही ते कळायला. फोनवर विचारणं शक्य नव्हतं. ती परदेशी फोनची कार्डं असतात ना, खरवडून नंबर काढायची, ती. त्यात "जेवलीस का, थंडी कशी आहे, आवाज येतोय का" एवढ्यावरच मिनिटं संपतात. प्रत्यक्ष जाऊन विचारू म्हटलं. गेले. आणि महिनाभर "जेवलीस का, थंडी कशी आहे" हेच समोर बसून विचारत राहिले. फरक एवढाच की आवाज नीट येत होता.

सामानात मी लक्ष्मीपूजनाला पुजलेली नवी केरसुणी घेतली होती. आपल्या परड्यातल्या माडाच्या झावळ्यांचे हीर काढून मीच काथ्याने बांधलेली. लेकीच्या घरात केरसुणी नाही, असं कसं चालेल? विमानतळावरच्या साहेबाने ती पिशवीतून काढली, वरखाली बघितली, आणि दोन पायांत धरून उडाल्याची खूण करून मोठ्याने हसला. मीही हसले. मेधाने घरी गेल्यावर सांगितलं की इकडच्या चेटकिणी झाडूवर बसून उडतात. म्हणजे त्याने मला काय म्हटलं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. मेधाने केरसुणी बघितली, "अगं आई, हे काय आणलंस!" म्हणाली आणि तिला व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे उभी केली. लक्ष्मीला चांगली सोबत मिळाली.

भविष्यातली तारीख

मेधाच्या खालच्या मजल्यावर गिझेलाबाई राहतात. सत्तरीच्या, एकट्या, निवृत्त शाळामास्तरीण, भूगोल शिकवायच्या. जिन्यात पहिल्याच दिवशी त्यांनी मला हात धरून खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी नेलं. कागद निळ्यात, प्लास्टिक पिवळ्यात, झाडपाल्याचं हिरव्यात, त्याला 'बियो' म्हणायचं. पाहुणचार! आपण पाहुण्याला गूळपाणी देतो, ते डबे दाखवतात. मी पहिल्याच आठवड्यात केळ्याची साल निळ्यात टाकली, तेव्हा त्यांनी ती दोन बोटांनी उचलून वर आणून मेधाला दाखवली होती. त्या दिवसापासून मी डबे पाठ केले, लहानपणी पाढे केले नाहीत इतके.

एका रविवारी त्यांनी आम्हाला कॉफी आणि केकला बोलावलं. भिंतीशी उंच फळीवर हिरव्या रेशमात गुंडाळलेलं एक जाड पुस्तक. मी विचारलं, हे काय? तेव्हा कळलं की बाई संध्याकाळच्या वर्गाला जाऊन चिनी पद्धतीने प्रश्न लावायला शिकल्या आहेत. वाळलेल्या काड्या असतात, त्या मोजत जायच्या, त्यातून रेघा निघतात, रेघांचं चित्र तयार होतं, आणि पुस्तकात त्या चित्राचा अर्थ असतो.

माझे कान टवकारले. अहो, हा तर कौल! घाटावरच्या वाचकांसाठी सांगते: आमच्याकडे देवाला प्रश्न विचारायचा तर गुरव देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग सगळे श्वास रोखून बघत राहतात, उजवी पडते की डावी. उजवी पडली की काम झालं. हल्ली आपल्याकडे टीव्हीवर तो ढेरपोट्या हसरा चिनी आणि दारात घंटांच्या नळ्या टांगायची साथ आली आहे. मी त्याला नाकं मुरडणारी. पण कौल म्हटल्यावर माझं काही चालेना.

"मेधा, त्यांना विचार, माझा एक प्रश्न लावतील का?"

मेधा त्यांच्याशी बोलली. बाईंनी मान डोलावली आणि टेबलाच्या खणातून डायरी काढली.

"आई, त्या हो म्हणतायत. पण टर्मिन घ्यावी लागेल."

"कसली?"

"टर्मिन गं, अपॉइंटमेंट."

"भविष्य विचारायला?"

"इथे केस कापायलासुद्धा लागते."

बाईंनी पानं उलटली, एका रविवारी चर्चमधलं काही होतं, एका रविवारी बहीण येणार होती, आणि तिसऱ्या रविवारी आमचं भवितव्य बसलं. म्हणजे पुढे काय होणार हे कळायला आधी पुढची तारीख राखून ठेवायची. आमचा गुरव बिचारा ओल्या पंच्याने झोपेतून उठून येतो.

घरी जावई, मंदारराव, पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "आई, तुम्ही विचारणारच आहात तर माझ्या प्रमोशनचंही विचारा की."

"तुम्ही वेगळी टर्मिन घ्या," म्हटलं.

मी स्वतःला तयार करते

नुसतं जाऊन बसलं की झालं, असं नव्हतं. तयारी होती. विचारणाऱ्याचीही आणि जागेचीही. गिझेलाबाई सांगत होत्या, मेधा भाषांतर करत होती, आणि माझा चेहरा बघून मध्येमध्ये मेधालाच हसू फुटत होतं.

आधल्या दिवशी हलकं खायचं. म्हटलं, उपवास! त्यात मला कोण शिकवणार? मी साबुदाण्याची खिचडी केली, तुपात, दाण्याचं कूट घालून, आणि वाडगाभर बाईंनाही नमुना दिला. त्यांनी दोन चमचे खाल्ले आणि मेधाला काहीतरी विचारलं.

"आई, त्या विचारतायत, उपवास सोडताना हे खातात का?"

"सोडताना नाही, करताना."

"आल्झो," म्हणाल्या बाई. हा शब्द तिकडे आपल्या 'म्हणजे काय बाई' सारखा कुठेही चालतो. त्यांचा उपवास म्हणजे भाजीचं पिवळं पाणी. त्यात मीठ होतं, एवढं मी कबूल करते.

दुसरं, मासळीचा वास नको. हे मात्र मला लागलं. त्याच आठवड्यात बंदरावरच्या बाजारातून बांगडे आणून मी तळले होते आणि मेधाने नोव्हेंबरच्या थंडीत घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या होत्या. तिकडे घराला वारा दाखवणं हे एक व्रतच आहे, त्याला 'लुफ्टन' म्हणतात. आपण शुद्धीला गोमूत्र शिंपडतो, ते खिडकी उघडतात. सकाळी उघडायची, संध्याकाळी उघडायची, भांडण झालं तरी उघडायची. मी दोन स्वेटर घालून कांबळ्यात बसायची आणि ते लोक छाती भरून श्वास घेत म्हणायचे, आहा, काय हवा!

तिसरं, काड्या मोजायच्या आधी अर्धा तास गप्प बसायचं.

"कोणी?" मी विचारलं.

"तू," मेधा म्हणाली, आणि मंदारराव आतल्या खोलीत जाऊन हसले. मला ऐकू आलं.

चौथं, सगळ्यांत अवघड. प्रश्न एकच. आणि तो नीट पाहिजे. आमच्या देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो तेव्हा पोराची नोकरी, म्हशीचं दूध, शेजाऱ्याचा बांध, सगळं एका दमात घालतो, देव आपलं आपण निवडून घेतो. इथे म्हणे अर्ज स्वच्छ हवा. मी मेधाला सांगितलं, प्रश्न मी मनात ठेवीन. प्रश्न तर माझा ठरलेलाच होता.

बियोचा डबा

टर्मिनच्या दोन दिवस आधी गिझेलाबाईंनी मला खोली आवरायला बोलावलं. विचारणाऱ्याने जागा स्वतःच्या हाताने तयार केलेली चांगली, असं त्यांच्या गुरुजींनी सांगितलं होतं. मेधा कामावर गेलेली, त्यामुळे आम्ही दोघी हातवाऱ्यांवर. मजा सांगते, भाषा नसली की बायका कामं फार भराभर करतात.

त्यांनी शाळेतलं होकायंत्र काढलं. टेबल खोलीच्या मधोमध, पुस्तकाचं तोंड दक्षिणेला, विचारणाऱ्याचं उत्तरेला. सोफा आड येत होता, तो ढकलला. सोफ्यामागे एक जुना मोजा निघाला, तो त्यांनी पटकन खिशात घातला. मी न बघितल्यासारखं केलं. जमीन पुसली, आरसा उलटा केला, घड्याळ स्वयंपाकघरात नेलं. मग बाई रेशमी फडकं इस्त्री करायला घेऊन बसल्या, आणि ब्रेड संपल्याचं आठवलं तशा बेकरीत गेल्या.

मी एकटी. माझा हात स्वस्थ राहत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. खिडकीच्या कट्ट्यावर जुन्या वर्तमानपत्रावर वाळक्या काटक्या पसरलेल्या. कुठल्यातरी फुलदाणीतल्या असतील, सुकून काळ्या पडलेल्या. म्हटलं, बाई म्हातारी, विसरली असेल. वर्तमानपत्र झटकलं आणि दोन्ही घेऊन मी खाली गेले. कागद निळ्यात. काटक्या बियोत. एकही चूक नाही. इतकं समाधान वाटलं की तिथेच डब्याशेजारी मी जरा उभी राहिले, कोणीतरी बघायला हवं होतं; कोणी आलं नाही तशी वर आले.

गिझेलाबाई आल्या, कट्टा बघितला. मग मला बघितलं. मी अभिमानाने खाली बोट दाखवलं आणि म्हटलं, "बियो!"

त्यांचा चेहरा तसा झालेला मी नंतर कधी पाहिला नाही, आणि पाहायचाही नाही मला. आम्ही दोघी जिना उतरून गेलो. झाकण उघडलं. डबा रिकामा, धुतल्यासारखा. मधल्या पाऊण तासात गाडी येऊन गेली होती. जर्मन गाडी, तिच्या दिवशी, तिच्या वेळेला. आपल्याकडे असती तर चार दिवस डबा तसाच राहिला असता आणि सगळं वाचलं असतं. शिस्तीचे असेही तोटे असतात, हे कुठे लिहून ठेवत नाहीत.

संध्याकाळी मेधाने खाली जाऊन समजून घेतलं आणि वर येऊन मला सांगितलं. त्याच त्या काड्या. मोजायच्या. गावाबाहेर त्यांच्या नवऱ्याने भाड्याने छोटी बाग घेतली होती, तिथे पांढऱ्या फुलांचं रानझाड लावून, देठ वाळवून, नवऱ्याने स्वतः एकेक कापून दिले होते. नवरा गेला, बाग सोडली, काड्या राहिल्या होत्या.

"रागावल्यात?"

"नाही गं. म्हणाल्या, तू कचरा अगदी बरोबर वेगळा केलास."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आपल्या ह्यांच्या हातचं काही कोणी असं टाकून दिलं असतं, तर मी? मी तर गादीवरचं प्लास्टिकसुद्धा काढत नाही. उठले आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या मागून केरसुणी काढली. नवी केरसुणी मोडायची नसते, लक्ष्मी असते ती. तिला हळदकुंकू लावलं, म्हटलं, बाई, तुझं इथे तसंही काही चाललेलं नाही, आणि काथ्या सोडला. सरळसरळ हीर निवडले, सुरीने खरवडले, एका मापाचे पन्नास कापले, तेवढेच लागतात असं मेधाने खाली विचारून ठेवलं होतं. मेधा दारात उभी राहून बघत होती. "आई, राहू दे ना," म्हणाली. मग स्वतःच खाली बसून मापाने कापायला लागली. प्रयोगशाळेतली सवय, तिचे माझ्याहून सरळ आले.

स्टीलच्या ताटात घालून मी ते खाली नेले. गिझेलाबाईंनी एक उचलला, वाकवला, सोडला. तो सटकन सरळ झाला. नाकाला लावला.

"कोकोस?"

"कोकोस," मी म्हटलं. "माय हाऊस. माय हँड."

त्यांनी सगळे मोजले. पन्नास. मग इस्त्री केलेलं रेशीम आणून त्यात गुंडाळले. गाठ मारताना त्यांनी मला बोट ठेवायला सांगितलं, आपण वाण बांधताना म्हणतो ना, जरा धर गं, तसं. खुणेनेच, पण तसंच.

रविवार

खिडक्या अर्धा तास उघड्या होत्या, म्हणजे खोली शुद्ध आणि आम्ही गारठलेल्या. मी अंघोळ करून इरकल नेसले होते, वर मेधाचा कोट. हात धुतले. गिझेलाबाईंनी उदबत्ती लावली. तिला वास नव्हता. शेजारी तक्रार करतात म्हणून बिनवासाची मिळते. देवाला बहुतेक तक्रार करायची सोय नसावी. हिरांची जुडी धुरातून फिरवली. मग अर्धा तास मौन. मी पार पाडलं. मध्ये एकदा मेधाला "तुझं नाक लाल झालंय" एवढं सांगितलं, ते धरू नका.

मग बाईंनी जुडीतला एक हीर काढून वेगळा ठेवला.

"हा का?" मी विचारलं.

मेधाने विचारून सांगितलं, "तो मोजायचा नसतो. पण तो नसेल तर बाकीचे चालत नाहीत. तो नुसता बसून असतो."

"म्हणजे सासूबाई," मी म्हटलं. मेधा हसली. त्यानंतर बराच वेळ हसणं नव्हतं.

"आता प्रश्न मोठ्याने सांग. म्हणतायत, नीट आहे का ते बघायला हवं."

आणि इथे माझ्या लक्षात आलं. मोठ्याने म्हणजे मराठीत. मराठीत म्हणजे मेधासमोर. आणि मग तो मेधाच्याच तोंडून जर्मनमध्ये जाणार. महिनाभर मी टर्मिन घेतली, खिचडी खाल्ली, सोफे ढकलले, लक्ष्मी मोडली, एवढं सगळं केलं ते मुलीला विचारायला नको म्हणून. आणि मध्ये दुभाषी कोण, तर मुलगी. एवढी साधी गोष्ट मला आधी सुचली नाही. हुशारीचं माझं हे असं आहे.

उदबत्ती जळत होती. परत जाता येईना. मी टेबलाकडे बघत म्हटलं, "माझी मुलगी परत येणार आहे का?"

मेधा उदबत्तीकडे बघायला लागली.

"वास झाग्ट झी?" गिझेलाबाईंनी विचारलं. काय म्हणते ती?

मेधाने सांगितलं. अगदी हळू. त्यात 'टोख्टर' आलं, मुलगी, तो शब्द मला येत होता. गिझेलाबाईंनी मेधाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मग सावकाश काही बोलल्या.

"त्या म्हणतात, हा प्रश्न तुझा नाही. माझा आहे." मेधा म्हणाली. "दुसऱ्याचं विचारता येत नाही. तू काय करायचं, तेवढंच विचारता येतं."

घ्या! आमचा गुरव साऱ्या गावाच्या सुनांचं विचारतो, आणि इथे पोटच्या पोरीचं विचारायला परवानगी नाही. मला राग आला. रागात माणूस खरं बोलून जातं. म्हटलं, "मग विचार त्यांना, त्या वरच्या दोन खोल्यांचं मी काय करू?"

हे मेधाने भाषांतर केलंच नाही. ती माझ्याकडे वळली. "आई, तू त्या खोल्या वापरत नाहीस?"

"तुझ्या आहेत त्या."

"अगं, मला वाटलं तू पाहुण्यांना... पलंगावर कोणी झोपत नाही?"

"प्लास्टिक आहे त्याच्यावर."

"अजून?"

तिने स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. "आई, आम्ही इथे घर घेतोय. जानेवारीत सही आहे. तुला कसं सांगायचं कळत नव्हतं."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"त्या घरांच्या चित्रांच्या पुस्तिका सोफ्याखाली ढकलल्यास. केर मी काढते ना इथला?"

तिला एकदम हसूही आलं आणि रडूही. ती उठून माझ्या खुर्चीशी खाली बसली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मी नुसती तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. गिझेलाबाई हिरांची जुडी हातात धरून सरळ बसून होत्या. एक शब्द कळत नव्हता त्यांना. बऱ्याच वेळाने त्यांनी अगदी अदबीने विचारलं, आता सुरू करू का?

केलं सुरू. हिरांचे दोन भाग, चार-चार बाजूला, उरलेले बोटांच्या फटीत, पुन्हा गोळा, पुन्हा दोन भाग. आपण तांदूळ निवडतो त्या गतीने. माझ्या परड्यातल्या माडाचे हीर त्या गोऱ्या सुरकुतलेल्या बोटांतून सरकत होते आणि कोणी काही बोलत नव्हतं. हे मौन मला जड गेलं नाही. एकेक रेघ कागदावर येत गेली, सहा झाल्या. बाईंनी पुस्तक उघडलं.

"या चित्राचं नाव विहीर," मेधाने सांगितलं.

विहीर! मी म्हटलं, कोणाची? पुढे बाई बरंच काही वाचत होत्या, मेधा निम्मं सांगत होती, मी पाव ऐकत होते. जे ऐकलं ते एवढं, की विहीर येईल जाईल त्याची असते, तिच्यावर झाकण घालून ठेवायचं नसतं. एवढं कळायला मी विमानात दोन वेळा उलटी केली. आमच्या गुरवाने नारळावर सांगितलं असतं. पण गुरवापुढे मेधा नसती, हेही खरं.

निघताना गिझेलाबाईंनी ते हीर परत रेशमात बांधून पुस्तकाशेजारी उंच फळीवर ठेवले. वेगळा ठेवलेला तो एकसुद्धा, त्याच जुडीत. उरलेल्या हिरांची मी पुन्हा केरसुणी बांधली, बारीकशी झाली. मेधा म्हणाली, ही गॅलरीला छान. आता म्हणते, नव्या घरातही तीच नेणार आहे.

वेंगुर्ले

आल्यावर पहिल्याच सकाळी मी वर गेले. कुलूप काढलं. गादीवरचं प्लास्टिक ओढलं, ते असं कडाडलं की खालून शेजारीण ओरडली, काय झालं गो? प्लास्टिक कुठल्या डब्यात टाकायचं हा प्रश्न मला पडला आणि आपल्याकडे एकच डबा आहे हे आठवून फार वाईट वाटलं. मग समुद्राकडच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. लुफ्टन! तेव्हापासून रोज उघडते. वारा येतो, चादर उडते, एक मांजर येऊन झोपते. तिची टर्मिन नव्हती.

मेधा मे महिन्यात पंधरा दिवस यायची म्हणते. तिच्या गादीवर मांजराचे केस असतील, ते तिने झाडून घ्यावेत.

पण मे महिना लांब आहे, आणि खोल्या आजच मोकळ्या आहेत. तेव्हा तुम्ही या. भाच्याचं अमेरिकेतलं घर सांगायला या हवं तर, मी ऐकेन, मला आता गप्प बसायची सवय लागली आहे. उपवास नको, होकायंत्र नको, मासळी खाऊन आलात तरी चालेल, नाहीतर मीच तळेन. विहिरीचं पाणी अजून वर आहे. लवकर या, आणि दोन दिवस राहायच्या बेताने या.